बत्तीस दिवसांचा खांदा

भगवंतरावांच्या उजव्या खांद्यात डॉक्टरांनी नेमकं काय बसवलं, यावरून येडगावात दोन पक्ष पडले होते. एक लोखंडवाल्यांचा, दुसरा प्लास्टिकवाल्यांचा. दोन्हींपैकी कुणीही तो खांदा आतून पाहिलेला नव्हता, पण असल्या क्षुल्लक अडचणीने गावात कुणाचं मत अडत नाही. गंमत म्हणजे दोघंही निम्मे बरोबर होते. गोळा धातूचा होता आणि तो जिच्यात फिरतो ती वाटी प्लास्टिकची. ज्या वस्तूवर सगळा खेळ अवलंबून होता तिची बाजू मात्र गावात कुणीच घेतली नाही, कारण ती नवी नव्हती. ती भगवंतरावांच्याच अंगातली, बासष्ट वर्षं वापरलेली आणि शिवून परत लावलेली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी एका सांगाड्यावर सगळं दाखवलं होतं. "सांध्यापर्यंत पोचायचं तर पुढचा दरवाजा उघडावा लागतो," ते म्हणाले. दरवाजा म्हणजे खांद्याच्या पुढच्या अंगाची कंडरा, स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट दोरी. ती हाडापासून सोडवायची, झिजलेला सांधा काढून नवा बसवायचा आणि दोरी पुन्हा हाडाला शिवायची. "सांधा पहिल्या दिवसापासून पक्का. पण दोरी हाडाला धरायला सहा आठवडे घेते. तोवर हात झोळीत, कोपर अंगाला चिकटलेलं. हात बाहेर उघडायचा नाही, पाठीमागे न्यायचा नाही आणि खुर्चीतून उठताना त्यावर भार द्यायचा नाही. शिवण सुटली तर पुन्हा ऑपरेशन. आणि मग हात पूर्वीसारखा होईलच, असं मी सांगणार नाही."

भगवंतराव हे निवृत्त ग्रामसेवक, गावाच्या तोंडी 'भाऊसाहेब'. एकतीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीला दाखले दिले होते, आणि त्याहून जास्त वर्षं लोकांना "उद्या या" म्हणून सांगितलं होतं, असं त्यांचे शेजारी सावळेराम म्हणत. हिशोब जुळत नसला तरी भावना खरी होती. अशा माणसाने डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला.

"हे लेखी मिळेल का?"

खांदा तसा बरीच वर्षं कुरकुरत होता, पण त्याने राजीनामा दिला तो मुलीच्या साखरपुड्यात. वृषाली ही भगवंतरावांची एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलं आणे गावच्या अमृतशी, आणि अमृतचे वडील गेणूभाऊ हे एके काळचे नामांकित पैलवान. आपल्याकडे लग्नात व्याहीभेट होते, म्हणजे मुलीचा बाप आणि मुलाचा बाप सगळ्यांसमोर छातीला छाती लावून भेटतात आणि एकमेकांना उचलायचा प्रयत्न करतात. बहुतेक व्याही इंचभर उचलल्यासारखं करतात, बायका तोंडाला पदर लावून हसतात आणि विषय संपतो. गेणूभाऊंना लग्नापर्यंत दम निघाला नाही. त्यांनी साखरपुड्यातच भगवंतरावांना काखेत धरून जे वर घेतलं ते दोन गिरक्या देऊनच खाली ठेवलं. एक चप्पल आचाऱ्याच्या बाजूला गेली. त्याचा व्हिडिओ 'सोयरे धायरे' या ग्रुपवर आला आणि खाली एकशे चार जणांनी हसणारी तोंडं टाकली. ती भगवंतरावांनी मोजली होती. त्या दिवसापासून त्यांचा हात डोक्यावर टोपी ठेवण्याइतकाही वर जाईना.

ऑपरेशन लग्नानंतर करावं, असं त्यांची बायको झुंबरबाई सांगत होत्या. पण दुखणं झोपू देत नव्हतं, आणि शिवाय भगवंतरावांनी कॅलेंडर घेऊन पेन्सिलीने दिवस मोजले होते. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन, बेचाळिसाव्या दिवशी झोळी सुटणार, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी लग्न. सहा दिवस शिल्लक. इतकं चोख नियोजन त्यांच्या हातून नोकरीतही झालं नव्हतं. ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं, भगवंतराव घरी आले, आणि तिसऱ्याच दिवशी आण्याहून फोन आला. अमृतच्या चाकणच्या कंपनीने त्याने मागितलेली रजा नाकारून दुसरीच मंजूर केली होती. गुरुजींनी लगेच पंचांग उघडलं आणि तितकाच उत्तम मुहूर्त सोळा दिवस अलीकडे काढून दिला. लग्न आता बत्तिसाव्या दिवशी आलं.

"म्हंजे झोळीतच कन्यादान," झुंबरबाई म्हणाल्या. "आन व्याहीभेट?"

"बघू," भगवंतराव म्हणाले. सरकारी नोकरीत या शब्दाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये अशी रीत आहे, म्हणून प्रत्येक जण नारळ आणि एक सल्ला घेऊन यायचा. नारळांची चटणी तरी होत होती. कुणी करंजाचं तेल चोळायला सांगितलं, कुणी मढच्या बाजूला एक जण नुसत्या फुंकरीने सांधे बसवतो म्हणून त्याचा नंबर दिला. सावळेराम तर जुन्या स्पीकरमधला वाटीएवढा लोहचुंबक घेऊन आले.

"भाऊसाहेब, शर्ट जरा बाजूला घ्या. खातरजमा केल्याली बरी."

"कसली खातरजमा?"

"लोखंड टाकलंय का न्हाई त्याची. आजकाल कुनाचा काय भरवसा?"

भगवंतराव चिडले, पण कुतूहल त्यांनाही होतंच. वृषाली आतून ओरडेपर्यंत चुंबक खांद्याला लागलासुद्धा. तो चिकटला नाही. सावळेरामांनी तीनदा लावून पाहिला आणि तिसऱ्या वेळी तो हातातून सुटून त्यांच्याच पायावर पडला. ते लंगडत उठले आणि सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "फसवलं तुमाला. प्लास्टिक हाय हे." प्लास्टिकवाल्यांच्या पक्षाची स्थापना झाली ती या घटकेला.

आठवड्यातून दोनदा वृषाली त्यांना नारायणगावला फिजिओथेरपीसाठी न्यायची. तिथली संस्कृती नावाची मुलगी वयाने वृषालीएवढीच, पण भगवंतरावांना तिच्याएवढी भीती आयुष्यात एकाही बीडीओ साहेबाची वाटली नव्हती. ती पट्टी लावून हाताचा कोन मोजायची आणि तो वहीत लिहून ठेवायची. तिने शिकवलेला पहिला व्यायाम असा की डावा हात टेबलावर ठेवून कमरेत वाकायचं आणि उजवा हात सैल सोडून लंबकासारखा हळूहळू झुलू द्यायचा. भगवंतराव तो अंगणात पारावर हात टेकून करायचे. पहिल्याच दिवशी रस्त्यावरून जाणारा एक जण थांबला.

"काय हरवलंय का भाऊसाहेब?"

व्यायाम चालू असताना बोलायचं नाही, अशी भगवंतरावांनी स्वतःची एक जादा अट घालून घेतली होती. ते हात झुलवत राहिले. माणूस आत येऊन शोधायला लागला. त्याला बघून आणखी दोघं आले. दहा मिनिटांनी झुंबरबाई बाहेर येतात तो पाच माणसं अंगणात उकिडवी बसलेली, एकाने तुळशीची माती उकरलेली, आणि झुंबरबाईंचं डोरलं हरवलंय ही बातमी थेट त्यांच्या माहेरी पोचलेली. त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा त्या गळ्यातलं डोरलं चाचपत होत्या.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नोव्हेंबर महिना लागला होता, आणि नोव्हेंबरात पेन्शनरला आपण जिवंत असल्याचं बँकेला पटवून द्यावं लागतं. भगवंतराव नारायणगावला बँकेत गेले. हयातीच्या दाखल्यावर सही करायची होती. हात झोळीत, कोपर अंगाला चिकटलेलं, टेबल उंच. शेवटी वृषालीने वहीवर कागद ठेवून ती त्यांच्या पोटावर धरली आणि त्यांनी पोटावर सही केली. नेमका श्वास घेतल्यामुळे सहीतला 'भ' उंटासारखा झाला.

"सही जुळत नाही काका," खिडकीतला तरुण म्हणाला.

"अहो, मी समोर उभा आहे. जिवंत आहे."

"ते दिसतंय हो. पण सही जुळत नाही. अंगठा द्या."

अंगठा! एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगठ्याला शाई लावली होती आणि दर वेळी "जरा शिका आता" असं वर सुनावलं होतं. त्यातले दोघं-तिघं त्या वेळी रांगेत उभे होते. त्यांच्या देखत भगवंतरावांनी डावा अंगठा शाईत बुडवला. तो कागदावर उमटवून ते वळले, तर रांगेतून आवाज आला, "काय भाऊसाहेब, प्लास्टिकचं बसवलं म्हनं?"

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या क्षणी त्यांनी गप्प बसायला हवं होतं, हे मला, तुम्हाला आणि शेजारी उभ्या असलेल्या वृषालीला कळतं. पण ज्याच्या अंगठ्याची शाई अजून ओली आहे अशा माणसाकडून शहाणपणाची अपेक्षा करू नये. ते बँकभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विमानाचा धातू आहे तो! विमानाचा! सोयऱ्यांनी मागं मला उचललं ना? आता लग्नात मी उचलतो त्यांना. एका हातानं!"

रांगेत आण्याचा एक माणूस होता.

पुढच्या चार दिवसांत आण्याहून येणाऱ्या बातम्या ऐकून झुंबरबाईंचा रक्तदाब वाढला. गेणूभाऊंनी पंधरा वर्षांनी पुन्हा बैठका सुरू केल्या होत्या. गेणूभाऊ सकाळी उठून सिमेंटची गोणी उचलत होते. गेणूभाऊंनी दूध वाढवलं होतं. मग खुद्द गेणूभाऊंचाच फोन आला.

"भाऊसाहेब, ऐकलं म्या. लई आनंद झाला. भेट अशी व्हायला पायजे का साऱ्या तालुक्यात नाव निघालं पायजे!"

"हो हो," भगवंतराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी कॅलेंडरात उरलेले दिवस मोजले.

"खरं सांगून टाका त्यांना," वृषाली म्हणाली.

"काय सांगू? बँकेत बोललो ते खोटं होतं म्हणून?"

"शिवण आहे म्हणून सांगा."

"लोखंड सांगितलं तर लोक मान देतात गं. शिवण म्हटलं की कीव करतात." हे मात्र त्यांनी अगदी मनातलं सांगितलं. वृषालीने त्यांच्या झोळीचा पट्टा नीट केला. घरात हे काम तिचंच होतं. ती गेल्यावर ते कोण करणार, हा विचार आला की भगवंतराव लगेच दुसऱ्या कशावर तरी चिडायचे.

त्यांनी आपल्या परीने कायदेशीर मार्ग शोधला. संस्कृतीकडे जाऊन 'सदर इसमास गळाभेटीस मनाई आहे' असा दाखला मागितला. ती हसली नाही. "काका, मिठी मारताना माणूस काय करतो? दोन्ही हात बाहेर उघडतो. तुम्हाला जे एक करायचं नाही तेच नेमकं. आणि उचलणं तर विसराच. दाखला कशाला? तोंडाने सांगा." सरकारी माणसाला तोंडी व्यवहाराचा सल्ला देणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला वाळूत उतरवणं. भगवंतराव तसेच परत आले.

मग एकच उपाय उरला, तो म्हणजे लपवणं. शिंप्याने जाकिटाची उजवी बाजू उसवून आतून चिकटपट्टी लावली, झोळीला जाकिटाच्याच कापडाचं अस्तर दिलं, आणि त्यावर झुंबरबाईंनी जरीकाठी उपरणं अशा बेताने घातलं की माणूस एखाद्या संस्थानिकासारखा एक हात पोटावर ठेवून उभा आहे असं वाटावं. बेत असा की भेटीच्या वेळी डाव्या हाताने पटकन खांद्यावर थोपटायचं, "वा वा" म्हणायचं आणि आचाऱ्याकडे निघून जायचं.

बत्तिसावा दिवस उजाडला. आळेफाट्याजवळच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या. वृषाली सकाळपासून थांबून थांबून रडत होती आणि तिच्याकडे पाहायचं नाही असं भगवंतरावांनी ठरवलं होतं. तेवढ्यात निवेदकाने माइक तोंडाशी नेला.

"आता ज्याची सर्व पाहुणे मंडळी आतुरतेने वाट पाहत आहेत! व्याहीभेट! आण्याची ताकद आणि येडगावचा विमानाचा खांदा!"

जेवायला बसलेले लोक पत्रावळीवरून उठले. सगळीकडे मोबाईल वर झाले. सावळेराम पहिल्या रांगेत खुर्चीवर उभे राहिले. समोरून गेणूभाऊ आले, पागोटं बांधलेले, छाती पुढे आणि दोन्ही हात दारासारखे उघडे. भगवंतराव एक पाऊल मागे सरले. गेणूभाऊ एक पाऊल पुढे आले. भगवंतराव आणखी मागे. टाळ्या सुरू झाल्या, लोकांना वाटलं डाव टाकतायत. आणखी दोन पावलं मागे गेल्यावर भगवंतरावांच्या पोटऱ्यांना काहीतरी लागलं, तोल गेला आणि ते मागच्या मागे बसले. तो नवरा-नवरीचा सोफा होता. लाल मखमलीचा, सोनेरी पायांचा आणि बसल्यावर माणूस गुडघ्यांपर्यंत आत जाईल इतका मऊ.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उजवा हात आपसूक सोफ्याच्या दांडीकडे निघाला आणि त्यांनी तो जागच्या जागी थांबवला. डाव्या बाजूला दांडी हाताला लागत नव्हती. पायांनी जोर केला तर गादी आणखी आत जायची. गेणूभाऊ हात उघडे ठेवून समोर उभे होते, आणि मुलीचा बाप बसून होता.

टाळ्या थांबल्या. वरपक्षाच्या बाजूने कुजबुज सुरू झाली, आणि अमृतचे एक काका मोठ्याने म्हणाले, "मुलाचा बाप उभा आन मुलीचा बाप बसल्याला? ही कुठली रीत? आमी काय मान मागायला आलो का इथं?" कुणीतरी म्हणालं, "चला, गाड्या काढा." झुंबरबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. अमृत काकांकडे धावला. आणि भगवंतरावांनी जे पाहायचं नाही असं ठरवलं होतं ते पाहिलं. वृषाली रडायची थांबली होती. ती नुसती घाबरून त्यांच्याकडे बघत होती.

त्या नजरेने त्यांच्या अंगातला सगळा भाऊसाहेब उतरला. ऑफिसची भाषाही त्याच्याबरोबर गेली.

"गेणूभाऊ, मला उठता येईना," ते म्हणाले. निवेदकाचा माइक जवळच होता, त्यामुळे हे आचाऱ्यापर्यंत ऐकू गेलं. डाव्या हाताने त्यांनी उपरणं बाजूला केलं. झोळी सगळ्यांना दिसली. "हे बघा. आत नवा सांधा हाय, पन तो बसवताना दोरी कापून परत शिवलीय. बत्तीस दिस झालं फकस्त. तुमी मिठी मारली तर ती तुटंल. बँकेत बोललो ते खोटं व्हतं. माझा अंगठा घेतला व्हता त्यांनी, म्हनून राग आला व्हता. तुमाला उचलायची ताकद माझ्यात न्हाई, आन उचलून घ्यायची पन न्हाई. पोरीवर राग काढू नका."

मसालेभात ढवळणाऱ्या आचाऱ्याने झारा तसाच कढईत सोडला.

गेणूभाऊंनी उघडलेले हात हळूच खाली घेतले. "मंग आधी नाय का सांगायचं, राव?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. "तवापासून म्या रोज गोणी उचलतोय! रातचा झोप न्हाई. मला वाटलं हा मानूस इमानाचा खांदा घेऊन येनार आन भरल्या मांडवात मला आपटनार! पोराच्या लग्नात पैलवानाची काय इज्जत ऱ्हानार?" मग ते काकांकडे वळून गरजले, "कुनीबी गाडी काढायची न्हाई!" आणि ते वाकून भगवंतरावांच्या डाव्या बाजूला सोफ्यावर बसले. गादी आणखी खाली गेली. त्यांनी आपलं पागोट्याचं डोकं व्याह्याच्या डाव्या खांद्यावर टेकवलं आणि तसेच बसून राहिले. त्यांचं वजन एकशे दहा किलो होतं आणि डोकं मात्र अगदी हलकं टेकलेलं होतं. भगवंतरावांना भरून आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

शिवणीचं काय झालं, अशी काळजी करणाऱ्यांना इथेच सांगून टाकतो. पुढे बेचाळिसाव्या दिवशी संस्कृतीने झोळी काढली, पट्टी लावून कोन मोजला आणि वहीत "उत्तम" असं लिहिलं. दोरी जागच्या जागी होती.

पण मांडवातली माणसं वेगळ्याच काळजीत होती. इतके दिवस वाट पाहून हाती काय आलं, तर दोन म्हातारे सोफ्यावर टेकून बसलेले. निवेदकाने माइक खाली घेतला. सावळेराम खुर्चीवरून उतरता उतरता म्हणाले, "म्हंजे उचलायचं राह्यलंच की."

भगवंतरावांनी एकदा वृषालीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं.

"पावणं," ते म्हणाले, "इतक्या दिसांची मेहनत वाया घालवू नका. उचला मला. पन सोफ्यासकट."

गेणूभाऊंनी दंडावर अशी थाप मारली की माइक खरखरला. ते उठून एका बाजूला गेले, दुसऱ्या बाजूला त्यांनी अमृतला आणि त्या रागावलेल्या काकांना लावलं. बँडवाल्यांना कुणी सांगावं लागलं नाही. "हं!" म्हणून सोफा उठला, गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. भगवंतराव उजवं कोपर अंगाशी घट्ट धरून, डाव्या हाताने मखमल पकडून, जरीच्या उपरण्यानिशी हवेत बसले होते, आणि खालून दीडशे मोबाईल त्यांचा व्हिडिओ काढत होते.

वरून त्यांना सगळं कार्यालय दिसलं. तोंडाला पदर लावलेल्या झुंबरबाई दिसल्या. आणि सकाळपासून रडून नाक लाल झालेली त्यांची पोरगी दिसली. ती पोट धरून हसत होती. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, शालू सावरायचं भान नव्हतं, लहानपणी हसायची तशी तोंड उघडं टाकून ती हसत होती.

खाली धापा टाकणाऱ्या गेणूभाऊंनी सोफा टेकवायला कंबर वाकवली.

"थांबा पावणं," भगवंतराव म्हणाले. "अजून जरा वर घ्या."